खालच्या चर्चमधली खेळती हवा

आर्लेत पोंसार मला पहिल्यांदा दिसली ती माझ्या वर्गाच्या खिडक्या उघडताना. आर्व्हेय गावच्या शाळेत मी नुकतीच रुजू झाले होते. मार्च महिना होता, बाहेर बारीक बर्फ भुरभुरत होतं आणि मी मुलांना भागाकार शिकवत होते. दार न वाजवता एक उंच, रुंद खांद्यांची बाई आत आली. काखेत पावांची टोपली. ती तिनं माझ्या टेबलावर ठेवली, नाक वर करून वर्गाचा वास घेतला आणि म्हणाली,

"बाई, इथे पोरं आंबायला लागलीत."

मग ती शांतपणे एकेक खिडकी उघडत गेली. शेवटची खिडकी जरा अडत होती, तिला तिनं कोपरानं ढकललं. "पाव गार झाला की खिडक्या लावून घ्या," असं जाताना सांगितलं आणि गेली. मी थक्क होऊन उभी होते, पण मुलांना काहीच वाटलं नव्हतं. त्यांनी मुकाट्यानं खुंट्यांवरचे कोट काढून अंगात घातले होते. पहिल्या बाकावरचा गास्पार माझी समजूत घालावी तसा म्हणाला, "बाई, ती आमच्या घरी पण असंच करते."

आमच्याकडे सकाळी उठल्याबरोबर खिडक्या उघडायच्या आणि गाद्या-पांघरुणं खिडकीत टाकायची ही सगळ्याच घरांची रीत आहे. थंडी असो, धुकं असो, रात्रीची हवा घरात ठेवायची नाही. पण आर्लेतचं हे वेड रीतीच्या पलीकडचं होतं. नवऱ्यानं, म्हणजे मार्सोनं, पहाटे भाजलेले पाव घेऊन ती गाडीतून आसपासच्या वाड्यांवर जायची, आणि ज्या घरात पाव द्यायची त्या घरातली एखादी तरी खिडकी उघडूनच निघायची. बाळंतिणीची खोली, आजाऱ्याची खोली, नुकत्याच वारलेल्या माणसाची खोली, कुठेही तिला मज्जाव नव्हता. मार्सो कमी बोलणारा माणूस. रात्रभर भट्टीपाशी राबून तो दुपारी झोपायचा. एकदा मला म्हणाला, "बाई, मी जड आहे म्हणून वाचलो. नाहीतर हिनं मलाही रोज खिडकीवर टाकलं असतं."

अशा या बाईच्या हातात आमच्या खालच्या चर्चची चावी होती.

आर्व्हेयचं वरचं चर्च साधंच आहे, दोनदा जळून पुन्हा बांधलेलं. पण त्याच्या मागच्या बाजूला, बाहेरून जिना उतरून गेलं की खालचं चर्च लागतं. ते हजार वर्षांपूर्वीचं. बुटके, जाड खांब, इतके जवळजवळ की दोन माणसांना एकमेकांशेजारून जाता येत नाही, आणि त्यांच्यावर डोक्याला लागेल इतकी खाली आलेली कमानींची छतं. खांबांच्या माथ्यांवर कुणा पाथरवटानं मनाला येईल ते कोरून ठेवलंय. एकाच पेल्यातून पिणारे दोन पक्षी आहेत. स्वतःची दाढी ओढणारा एक माणूस आहे, त्याला आमची पोरं दातदुख्या म्हणतात. आणि पूर्वेच्या भिंतीवर संत मेलीनचं चित्र. संत मेलीन म्हणजे आमची मेंढपाळ पोर. तिचा निळा झगा, गेरूच्या रंगाचं गोल तोंड, पायाशी तीन मेंढ्या. त्यातल्या मधल्या मेंढीचा चेहरा हुबेहूब गास्पारसारखा आहे, हे त्याच्या लहानपणीच सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. पुढे तो गावचा सरपंच झाला तरी कुणी ते विसरलं नाही.

खालचं चर्च सरकारनं संरक्षित ठरवलेलं आहे. तिथे खिळा ठोकायचा नाही, चुना लावायचा नाही, दिवा बदलायचा तरी पुरातत्त्व खात्याची परवानगी. "मला दुसरा नवरा करायला कमी सह्या लागतील," असं आर्लेत म्हणायची.

चावी तिला सासूकडून मिळाली होती. बेकरीचं दार गावात सगळ्यांत आधी उघडतं, म्हणून चावी पूर्वापार बेकरीत असायची. सासू, फिलोमेन, हे मोठं कडक प्रकरण होतं. सुनेचा पाव फिका, सुनेचं सूप पातळ, सुनेचं हसणं मोठं. बावीस-तेवीस वर्षांची आर्लेत या घरात आली तेव्हापासून फिलोमेननं तिच्या कुठल्याही गोष्टीला बरं म्हटलं नव्हतं. आणि मग एका सकाळी, गुडघ्यांनी जिना उतरवेना तेव्हा, चावी तिच्यापुढे ठेवून म्हणाली, "दगडालाही श्वास लागतो. हवा खेळती ठेव. तेवढं तुला जमेल." सासूनं केलेली ती एकुलती एक स्तुती. आर्लेत मला ती सांगायची तेव्हा "तेवढं" हा शब्द गाळून सांगायची. मार्सो तो मागून पुरवायचा.

तेव्हापासून थंडी सरून पहिला उबदार दिवस आला की आर्लेत खालच्या चर्चचं दार सताड उघडायची, दाराला दगड लावायची आणि जाळीच्या लहान खिडक्याही मोकळ्या करायची. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी संत मेलीनचा सण. त्या दिवशी सगळं गाव खाली उतरायचं, कारण त्या दिवशी दाराजवळचा खांब रडायचा. अगदी खरं. दातदुख्याच्या दाढीवरून थेंब ओघळायचे, खांब वरपासून खालपर्यंत ओला व्हायचा. संत मेलीन आपल्या हरवलेल्या मेंढ्यांसाठी रडते, असं म्हणतात. लोक रुमाल खांबाला लावून ओले करायचे. तो रुमाल तापलेल्या बाळाच्या कपाळावर ठेवायचा, लग्न ठरलेल्या मुलीच्या उशीखाली ठेवायचा. खांब खूप रडला तर द्राक्षं चांगली धरतात, हे तर लहान पोरही सांगेल. आर्लेत दारात उभी राहून रांग लावायची, ढकलाढकली करणाऱ्यांना दटावायची. तिचा चेहरा त्या दिवशी भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावासारखा दिसायचा.

"ती माझ्या दार उघडण्याचीच वाट बघत असते," ती मला म्हणायची. "मी उघडलं नाही तर रडणार कुठून?"

हे किती खरं होतं, ते आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी निवृत्त झाले त्याच्या पुढच्या वसंतात आर्लेतला चित्राखाली फरशीवर निळा कपचा सापडला, बोटाच्या नखाएवढा. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. तिनं ते साखरेच्या भांड्यात जपून ठेवले आणि भांडं घेऊन माझ्याकडे आली.

"बाई, झग्याचा रंग सुटतोय. काय करू?"

"गास्पारला सांगा. त्यानं खात्याला कळवायला हवं."

"त्याला सांगून काय होणार? तो मेंढीसारखं बघत राहील."

पण सांगितलं. खात्याकडून क्लोतिल्द वासेर नावाची वास्तुतज्ज्ञ आली. तिशीची, शांत, जाड चष्म्याची मुलगी. गुडघ्यांवर बसून तिनं अर्धा दिवस चित्र पाहिलं. आर्लेतला ती पहिल्याच भेटीत आवडली, कारण जेवणाची वेळ झाल्यावर ती काम टाकून जेवायला आली आणि दुसऱ्यांदा मागून घेतलं. जाताना क्लोतिल्दनं चित्राजवळच्या कोपऱ्यात आगपेटीएवढी पांढरी डबी ठेवली. हवेतली ऊब आणि दमटपणा मोजणारी. "हिला हात लावू नका, मादाम पोंसार," एवढंच सांगून ती गेली.

काही आठवड्यांनी ती परत आली, डबीतलं मोजमाप तपासलं आणि पुन्हा पहिल्यापासून तपासलं. मी आणि गास्पार तिथेच होतो.

"खालच्या चर्चमध्ये," ती सावकाश म्हणाली, "दुपारच्या वेळी वाळवंटासारखी गरमी होते. आणि सकाळी दव पडतं. असं कसं होईल?"

आर्लेतनं एप्रनचा कोपरा हातात घेतला. "दुपारी ना? दुपारी मी तिला घरी घेऊन जायचे. बिचारी त्या ओल्या कोपऱ्यात पडलेली. पांघरुणांबरोबर खिडकीत ठेवायचे, जरा ऊन लागावं म्हणून. रात्री कधीकधी आणायला विसरायचे."

"मी म्हणाले होते, हात लावू नका."

"हात नाही लावला, पोरी. फडक्यात धरून न्यायचे."

गास्पार खांबाकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. क्लोतिल्द मात्र रागावली नाही. तिनं नवी डबी आणली, ती आर्लेतचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, जाळीला बांधली, आणि पुढचं पूर्ण वर्ष धीर धरला.

पुढच्या मे महिन्यात, सणाच्या आदल्या आठवड्यात, ती निकाल घेऊन आली. तो तिनं चर्चच्या पायरीवर बसून आर्लेतला, गास्पारला आणि मला सांगितला. तोपर्यंत साखरेच्या भांड्याचा तळ दिसेनासा झाला होता आणि संत मेलीनच्या गालाजवळ एक भेग आली होती.

"दार, मादाम पोंसार. उन्हाळ्यात दार उघडायचं नाही. बाहेरची गरम हवा आपल्याबरोबर पाणी घेऊन येते आणि गार दगडावर सोडून देते. खांब त्यामुळे ओला होतो. तीच ओल भिंतीवर बसते आणि रंगाला सोडवते."

"उलट बोलतेयस तू. ओल हवेनं जाते. गादीची जाते, भिंतीची जाते, पोरांची जाते."

"गादी उबदार असते. खालचं चर्च वर्षभर गार असतं."

"माझ्या सासूनं उघडलं, तिच्या सासूनं उघडलं. आणि सणाला?"

"सणालाही नाही. दार असंच उघडं राहिलं तर थोड्याच वर्षांत चेहरा जाईल. खातं मग स्वतःचं कुलूप लावेल आणि चावी जिल्ह्याच्या गावी राहील. मला ते व्हायला नकोय, म्हणून आधी तुमच्याकडे आले."

आर्लेत उठली. "म्हणजे इतकी वर्षं मी तिची निगा राखली आणि आता मीच तिला मारतेय, असं म्हण ना सरळ." मग जरा थांबून म्हणाली, "जेवायची वेळ झाली. चला."

आमच्याकडे भांडण आपल्या जागी आणि जेवण आपल्या जागी. आम्ही चौघं बेकरीमागच्या अंगणात अक्रोडाखाली बसलो. आर्लेत, क्लोतिल्द, गास्पार आणि मी. हवा जड होती, पानही हलत नव्हतं. आर्लेतनं चीजचे फुगलेले गरम गोळे आणले, लसणाच्या लोण्यातल्या गोगलगाई आणल्या, आणि प्रत्येक पदार्थाबरोबर आपला मुद्दा पुन्हा मांडला. क्लोतिल्द खात होती आणि मान हलवत होती. होकार की नकार, कळत नव्हतं. गास्पार मध्येच म्हणाला, "दोघींचं थोडं थोडं खरं असेल."

"गप रे. निवडणुकीला उभा आहेस का इथे?"

तेवढ्यात मार्सो झोपेतून उठून, तळघरातून पांढऱ्या वाइनची बाटली घेऊन आला आणि ती त्यानं टेबलावर ठेवली. आर्लेत बोलता बोलताच बाटली ओतायला उचलू लागली. हात ओला झाला.

"पुसून आणायला काय होतं तुम्हाला?"

"पुसूनच आणली."

तिनं एप्रननं बाटली नीट पुसली, खाली ठेवली आणि फिलोमेन दार किती पहाटे उघडायची ते सांगू लागली. ते वाक्य पुरं झालं नाही. बाटलीच्या खांद्यावर बारीक घाम आला होता. त्याचे थेंब झाले, एक थेंब दुसऱ्याला मिळाला आणि लेबलावरून खाली ओघळला. आर्लेतनं पुन्हा पुसली. आम्ही सगळे बघत होतो. बाटली पुन्हा ओली झाली. जन्मभर आम्ही सगळ्यांनी अशा बाटल्या पुसल्या होत्या.

"पोरी," ती क्लोतिल्दला म्हणाली, "खालचं चर्च म्हणजे ही बाटली?"

"हो."

"आणि हे अंगण म्हणजे मी आत सोडते ती हवा."

"हो, मादाम पोंसार."

आर्लेत खाली बसली. तिचे ते मोठे, पिठानं पांढुरके झालेले हात मांडीवर तसेच पडून होते. "म्हणजे तिला मीच रडवत होते."

मार्सोनं सगळ्यांचे पेले भरले, आपला शेवटी भरला आणि म्हणाला, "मलाही बऱ्याचदा रडवलंस. पण माझा रंग नाही उडाला."

आर्लेत आधी त्याच्याकडे नुसती बघत राहिली. मग तिला हसू आलं, ते वाढत गेलं, आणि फिलोमेनला न आवडणारं ते मोठं हसणं अंगणभर झालं. डोळे पुसून झाल्यावर ती एकदम सरळ बसली.

"म्हणजे फिलोमेनला पण हे ठाऊक नव्हतं."

"कुणालाच नव्हतं," क्लोतिल्द म्हणाली.

"कुणालाच ते जाऊ दे. फिलोमेनला नव्हतं." आणि तिनं सगळ्यांत मोठा चीजचा गोळा स्वतःच्या ताटात घेतला.

गावाला पटवणं अवघड होतं. पावाची गाडी त्या आठवड्यात प्रत्येक वाडीवर दुप्पट वेळ थांबत होती. द्राक्षमळेवाला तेओफिल, ऐंशीच्या घरातला, तर तिच्यावर उखडलाच.

"संत रडली नाही तर द्राक्षं धरणार कशी?"

"मागच्या वर्षी धो धो रडली. तुझी धरली का?"

"गारा पडल्या मागच्या वर्षी."

"मग तिच्या गालावर गारा पडल्यासारखं झालंय, ते बघ आधी."

"तू जिल्ह्याच्या त्या चष्मेवालीला फितूर झालीस, आर्लेत."

"झाले. पाव हवाय की नकोय?"

सणाच्या दिवशी सकाळी मी लवकर चर्चकडे गेले. छान ऊन पडलं होतं, आर्लेतच्या भाषेत सांगायचं तर दार उघडायचा दिवस होता. ती खालच्या चर्चच्या बंद दारासमोर उभी होती, चावी कुलपात घातलेली, हात चावीवर. मी आल्याचं तिला कळलं, पण तिनं मान वळवली नाही.

"सवयीनं आले, बाई. घरातून निघाले आणि बघते तर इथे."

"राहू दे थोडा वेळ."

"आत तिला वाटत असेल, आज आर्लेत का आली नाही."

मग तिनं चावी काढून एप्रनच्या खिशात टाकली आणि म्हणाली, "चला, टेबल उचलायला मदत करा."

त्या टेबलाची कल्पना तिची. लोक मिरवणुकीनं आले तेव्हा बंद दारासमोर पांढरी चादर घातलेलं लांब टेबल होतं आणि त्यावर मार्सोच्या तळघरातून तेव्हाच वर आणलेल्या बाटल्यांची ओळ. उन्हात सगळ्या बाटल्या रडत होत्या. पाद्रीबाबांनी बंद दारावर पवित्र पाणी शिंपडलं, प्रार्थना म्हटली, आणि मग टेबलाकडे बघून यावर काही म्हणावं की नाही या विचारात पडले. पुढे सरकला तो तेओफिल. त्यानं रुमाल काढला, बाटल्या एकेक करून नीट पाहिल्या आणि त्यातल्या आपल्या मळ्यातल्या बाटलीला रुमाल लावला.

"ही चांगली रडतेय," तो म्हणाला. "उघडा."

त्या वर्षी सण जरा लांबला आणि पाद्रीबाबांना घरी पोचवावं लागलं.

खालचं चर्च आता जानेवारीत उघडतं, द्राक्षमळेवाल्यांच्या संत व्हिन्सेंटच्या दिवशी. तेव्हा बाहेरची हवा कोरडी आणि कडक गार असते. ती आत गेली तर ओल घेऊन बाहेर येते. तेही थोडाच वेळ आणि दार अर्धंच, असं क्लोतिल्दनं बजावलंय. गाव कोट-टोप्या घालून खाली उतरतं, तोंडातून वाफा काढत खांबांमधून एकेक करून सरकतं, आणि खांब कोरडाठाक असतो. पहिल्या जानेवारीत लोकांना चुकल्यासारखं झालं. आता पोरं दातदुख्याच्या दाढीला हात लावून बघतात आणि म्हणतात, बरा झाला वाटतं.

त्याच हिवाळ्यात क्लोतिल्द साखरेचं भांडं घेऊन खाली बसली आणि बारीक सुईनं एकेक निळा कपचा जागेवर चिकटवत गेली. आर्लेत तिच्यामागे दिवा धरून उभी. मध्येच क्लोतिल्द म्हणाली, "मादाम पोंसार, ही तर साखर आहे."

"भांडं नीट धुतलं होतं मी."

"झग्यावर मुंग्या आल्या तर मी काय सांगू खात्याला?"

"सांग, संत आहे, गोड आहे."

सगळे कपचे सापडले नाहीत. झग्याच्या घडीत एक उघडी जागा राहिली, ती तशीच ठेवलीय. गालाजवळची भेग मात्र पुढे सरकली नाही. मधली मेंढी जशीच्या तशी आहे, आणि गास्पार पुन्हा निवडून आला.

बेकरी आता एका तरुण जोडप्यानं घेतलीय. पाव बरा करतात, कवच जरा फिकं, असं आर्लेत म्हणते, आणि म्हटल्यावर स्वतःच दचकते. मार्सो आता रात्री झोपतो आणि दिवसा काय करावं हे त्याला अजून कळलेलं नाही. मी गुरुवारी त्यांच्याकडे जेवायला जाते. गेल्या गेल्या आर्लेत माझा कोट काढून घेते आणि खिडकीबाहेर झटकते.

तिची ऐंशी उलटलीत. गुडघे दुखतात, पण जानेवारीत खालचं दार तीच उघडते. खालच्या चर्चची चावी तिच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली असते, आणि मे ते ऑक्टोबर ती तिथून हलत नाही.